ओहलांगे शाळेची पार्श्वभूमी : ‘औद्योगिक’ या शब्दाचा गुंता

दक्षिण आफ्रिकेतील ओहलांगे शाळेचे नाव मराठी वाचकाला भेटते ते बहुधा गांधींच्या फिनिक्स वसाहतीचा शेजार म्हणून. ती ज्या जोडप्याने उभी केली त्या जॉन लांगालिबालेले दुबे आणि नोकुतेला दुबे यांच्याबद्दल त्यामानाने फारसे लिहिले गेलेले नाही. (आडनाव ओळखीचे वाटले तरी ते झुलू आहे; त्या भाषेत झेब्र्याला ‘इदुबे’ म्हणतात.) दोघेही डर्बनच्या वायव्येकडील इनांडा परिसरातल्या अमेरिकी मिशनच्या छायेत वाढले. जॉन यांचे वडील त्याच मिशनचे पाळक (ख्रिस्ती धर्मोपदेशक) होते, तर नोकुतेला १८६९ मध्ये सुरू झालेल्या इनांडाच्या मुलींच्या शाळेत शिकल्या. १८९४ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि नाताळ वसाहतीच्या आतल्या भागात, इन्क्वादी येथे, दोघांनी उपासना आणि अध्यापन हे काम एकत्रच सुरू केले. १८९६ मध्ये ती दोघे अमेरिकेला गेली. तिथे ब्रुकलिनमध्ये जॉन यांनी धर्मशिक्षण घेतले, नोकुतेला संगीत आणि गृहशास्त्र शिकल्या, आणि चर्चमधल्या सभांतून दोघांनी शाळेसाठी पैसा मागितला. या सभांत नोकुतेला गात आणि बोलतही असत, हे अनेक वृत्तान्तांत ओझरतेच येते.

१८९९ मध्ये परतल्यावर इनांडाजवळ शाळा निघाली. स्थापनेचे वर्ष कुठे १९०० तर कुठे १९०१ दिलेले आढळते. नाव होते ‘झुलू ख्रिश्चन इंडस्ट्रियल स्कूल’, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ त्यातल्या तिसऱ्या शब्दात आहे.

‘औद्योगिक शाळा’ म्हटले की आपल्याला आयटीआय आठवते, पण त्या काळी या शब्दाचा अर्थ कोण उच्चारतो यावर ठरत असे. अमेरिकेतील टस्कगी येथे, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८८१ मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, विद्यार्थी स्वतः विटा पाडत आणि इमारती बांधत. दुबे यांनी १८९७ मध्ये ती संस्था पाहिली होती. त्यांच्या लेखी ‘औद्योगिक’ म्हणजे हाताला काम, आणि त्या कामातून शाळेची व समाजाची स्वतःची मिळकत. नाताळच्या गोऱ्या मळेवाल्यांना आणि अधिकाऱ्यांना त्याच शब्दात शिस्तीचा, स्वस्त आणि फार न शिकलेला मजूर दिसत होता. अमेरिकी देणगीदारांना त्यात धर्म आणि श्रम यांची सांगड दिसे. १९०३ च्या सुमारास खुद्द अमेरिकेत, अशा शिक्षणाने कृष्णवर्णीयांची बौद्धिक वाट अडते, अशी कडवी टीका सुरू झाली. दुबे यांच्यावरही तोच ठपका ठेवला जातो, परंतु शाळेत प्रत्यक्ष काय चालत होते हे पाहिल्यास तो अर्धाच टिकतो. सुतारकाम, चांभारकाम, शेती आणि छपाई यांच्या जोडीला तिथे पुस्तकी विषयही शिकवले जात, आणि शिक्षणाची सूत्रे आफ्रिकी माणसांच्या हाती होती. छपाईचा ‘उद्योग’ तर सरकारला चांगलाच झोंबला, कारण १९०३ मध्ये याच जोडप्याने ‘इलांगा लासे नाताळ’ हे झुलू वृत्तपत्र सुरू केले आणि नाताळमधील झुलूंच्या १९०६ च्या बंडाच्या वेळी त्यातील मजकुराबद्दल संपादक दुबे यांना गव्हर्नरपुढे समज ऐकावी लागली. शब्द सरकारला पटणारा आणि काम मात्र आपल्याला हवे ते, ही त्या नावामागची चतुराई होती, असे या लेखकाचे मत आहे. अर्थात तिची किंमतही होती. ज्यांचा पैसा, त्यांचा अर्थ हळूहळू वरचढ होत गेला आणि १९२० च्या दशकात शाळेवर शिक्षण खात्याचा ताबा वाढला.

पुढे रूढ झालेले ‘ओहलांगे’ हे नाव या दृष्टीने बोलके आहे. ते ‘उहलांगा’ या शब्दाशी जोडलेले आहे. उहलांगा म्हणजे वेत, आणि झुलूंच्या उत्पत्तिकथेत माणसे वेतांच्या बेटातूनच बाहेर आली. ख्रिस्ती श्रद्धेने चालवलेल्या शाळेने पूर्वजांच्या कथेतले नाव घेतल्याचे तिथे कोणाला वावगे वाटले नसावे.

नोव्हेंबर १९१२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले गांधींबरोबर ही शाळा पाहायला गेले, तिथल्या प्रश्नांबद्दल दुबे यांच्याशी बोलले आणि मुलांनी त्यांच्यासाठी झुलू गाणी म्हटली. फर्ग्युसनमध्ये वर्षानुवर्षे शिकवलेल्या गोखल्यांना, परक्यांच्या राज्यात आपल्या माणसांनी चालवलेली शाळा म्हणजे काय, हे सांगावे लागले नसणार. त्याच वर्षाच्या जानेवारीत दुबे आफ्रिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांच्या राजकीय संघटनेचे (पुढची ‘एएनसी’), पहिले अध्यक्ष झाले होते. तेव्हापासून त्यांचे नाव राजकारणाच्या इतिहासात गेले आणि शाळा त्या चरित्रातील एक प्रकरण होऊन बसली.

नोकुतेलांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. शाळेतील गायनाची परंपरा त्यांनी घातली. पुढे देशाच्या राष्ट्रगीताचा भाग झालेले ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ हे गीत लोकांपर्यंत नेण्यात ओहलांगेच्या गायकवृंदाचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतिपत्नींनी मिळून झुलू गीतांचा संग्रहही छापला. त्यांना मूल नव्हते, आणि शाळेतीलच एका मुलीशी असलेल्या जॉन यांच्या संबंधांनंतर ती दोघे वेगळी झाली. जानेवारी १९१७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, नोकुतेलांचे जोहान्सबर्गमध्ये निधन झाले. जॉन यांनी १९२० मध्ये दुसरा विवाह केला आणि १९४६ मध्ये वारल्यावर त्यांना ओहलांगेच्या टेकडीवरच पुरण्यात आले.

कृष्णवर्णीयांचे शिक्षण वर्णभेदी सरकारच्या ताब्यात घेणाऱ्या १९५३ च्या कायद्याने मिशनच्या शाळांचे कंबरडे मोडले. ओहलांगे सरकारी चौकटीत तग धरून राहिली. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेलांनी आयुष्यातील पहिले मत देण्यासाठी मुद्दाम याच शाळेची निवड केली आणि नंतर दुबे यांच्या समाधीपाशी जाऊन, देश स्वतंत्र झाल्याचे त्यांना कळवायला आलो आहे, असे सांगितले. नोकुतेलांची कबर त्या वेळी जोहान्सबर्गमधील ब्रिक्स्टनच्या दफनभूमीत दगडाविना होती आणि नोंदवहीत नावाच्या जागी ‘ख्रिस्ती काफिर’ हे (तिथे कृष्णवर्णीयांसाठी वापरले जाणारे) अवमानकारक शब्द व एक क्रमांक होता. एका मालियन संशोधकाच्या खटपटीने ती सापडली, आणि तिच्यावर दगड बसला तो २०१३ मध्ये.