युवा सभासदत्व

युवा सभासदत्व : मुलांसाठी किंवा तरुणांसाठी काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेने त्याच मुलामुलींना सभासद करून घेऊन कारभारात मताचा अधिकार देण्याची पद्धत. येथे ‘सभासद’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने घ्यायचा. वर्गणी भरली, नोंदवहीत नाव लागले, सर्वसाधारण सभेची नोटीस घरी आली आणि त्या सभेत हात वर करून कार्यकारिणी निवडता किंवा पाडता आली, तर ते सभासदत्व. शिबिराला येणारी, संस्थेचे नाव छापलेला टी-शर्ट घालणारी मुले या अर्थाने सभासद असतातच असे नाही. पुष्कळ ठिकाणी ती नुसती लाभार्थी असतात.

आरंभीच्या युवक संस्थांत हा भेद नव्हता. लंडनमध्ये ६ जून १८४४ रोजी वाय.एम.सी.ए. (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) स्थापन झाली, तेव्हा तिचा प्रवर्तक जॉर्ज विल्यम्स २२ वर्षांचा होता आणि त्याचे सोबती त्याच्यासारखेच कापडाच्या पेढ्यांवर काम करणारे नोकर होते. संस्थापक, सभासद आणि लाभार्थी एकच. संस्थेच्या नावावर इमारती चढल्या, ठेवी साठल्या, पगारी नोकर आले की किल्ल्या वडीलधाऱ्यांच्या हाती जातात. महाराष्ट्रात १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलात शाळा-कॉलेजातली मुले शाखानायक म्हणून शाखा चालवत आली. पण शाखा चालवणे वेगळे आणि संस्थेच्या ताळेबंदावर मत देणे वेगळे.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने या विषयाला आजचे वळण दिले. तिच्या अनुच्छेद १२ मध्ये मुलांचे म्हणणे ऐकले जाण्याचा, तर अनुच्छेद १५ मध्ये संघटना करण्याचा हक्क आहे. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. त्याच वर्षी बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी बालसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्या – मुलांना वापरून घेणे, शोभेला बसवणे, नावापुरते स्थान देणे – म्हणजे सहभागच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. प्रमुख पाहुण्यांना गुच्छ देण्यापुरती व्यासपीठावर चढवलेली मुले आठवली की दुसरी पायरी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सल्लागार ‘युवा मंडळ’ फार तर मधल्या पायऱ्यांवर पोचते. सल्ला न मानण्याची मुभा विश्वस्तांकडेच राहते. ती हिरावणारी गोष्ट एकच, मत.

इंग्लंडमध्ये कायद्याने थोडी वाट मोकळी केली आहे. न्यासाचा विश्वस्त व्हायला १८ वर्षे पूर्ण लागतात; मात्र कंपनी म्हणून नोंदलेल्या धर्मादाय संस्थेत १६ व्या वर्षी संचालक होता येते (कंपनी कायदा, २००६). १९२५ मध्ये स्थापन झालेल्या वुडक्राफ्ट फोक या मुलांच्या व तरुणांच्या संस्थेतला १६ ते २० वयाचा ‘डिस्ट्रिक्ट फेलो’ गट आपली समिती आपणच निवडतो. १९९९ ची स्कॉटिश युथ पार्लमेंट ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था असून तिच्यात १४ ते २५ वयाचे निवडून आलेले सदस्य असतात. १९४८ पासून चालत आलेल्या ब्रिटिश युथ कौन्सिलचे सभासद म्हणजे युवक संघटना. तिचे विश्वस्त १६ ते २५ वयोगटातून निवडले जात. पैशाअभावी ती २०२४ मध्ये बंद पडली. त्यावरून ‘पोरांच्या हाती दिले की असेच व्हायचे’ असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. ज्येष्ठांनी चालवलेल्या संस्थाही पैशाअभावी बंद पडतातच.

भारतात मोठी अडचण वयाची. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार सात जण मिळून संस्था काढू शकतात. पण १८ वर्षांखालच्या व्यक्तीला करार करता येत नसल्याने नियमावलीत ‘वय वर्षे १८ पूर्ण’ हे कलम बहुधा असतेच. मग वाचनालयांतल्या बालसभासदासारखा बिनमताचा वर्ग काढला जातो. याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकली की मताचा हक्क जातो. म्हणून खिशात स्वतःचे पैसे नसलेल्या सभासदांसाठी वर्गणी किती ठेवायची, हा किरकोळ प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्रात त्यावर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० ची भर. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे बोलीभाषेतला ‘चेंज रिपोर्ट’, दाखल करावा लागतो. तो मंजूर झाल्यावर परिशिष्ट १ वर, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या सरकारी नोंदीवर, नवे नाव चढते. तरुण विश्वस्त शिक्षणाला पुण्याला जातो, नोकरीला बंगळुरूला. दर वेळी नवा अर्ज, आणि आधीचा अजून प्रलंबित. परिशिष्टावर वर्षानुवर्षे तीच नावे दिसतात त्यामागे खुर्चीचा मोह असतो तसा या कागदपत्रांचा कंटाळाही असतो.

नोंदणीबाहेर चित्र निराळे दिसते. कर्नाटकात १९९० पासून ‘भीमा संघ’ ही काम करणाऱ्या मुलांची संघटना मुलांच्याच सभासदत्वावर उभी राहिली. आपल्याकडे गल्लीतल्या बालगणेश मंडळात दहा वर्षांचा खजिनदार वर्गणीचा हिशेब वहीत लिहितो आणि बाकीची पोरे तो तपासतात.

पद्धत राबवताना कळीचा मुद्दा सभासदत्व संपण्याचा असतो. आपल्या संस्थांचा ओढा आजीव सभासदांकडे. एकदा पैसे भरलेले, पुढे न फिरकणारे हे सभासद वाढले की गणपूर्ती होत नाही, सभा अर्धा तास तहकूब होते आणि हजर असतील तेवढ्यांत उरकली जाते. युवा संस्थेत तर विशीत आलेला आजीव सभासद पन्नाशीतही मतदारच राहतो. त्यामुळे २५ किंवा ३० व्या वर्षी मताचा हक्क आपोआप संपावा आणि पुढे केवळ हितचिंतक म्हणून नाव राहावे, अशी तरतूद संस्थेच्या घटनेतच करावी लागते. भारताच्या २०१४ च्या युवा धोरणात युवक म्हणजे १५ ते २९ वर्षे. राजकीय पक्षांच्या युवक आघाड्यांत हे वय चाळिशीपर्यंतही ताणले जाते.