कड्या, कमानी आणि बंधारे: सीनवरच्या तासाभराच्या फेरीची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या युरोप सहलींच्या कार्यक्रमात पॅरिसच्या दिवशी ‘सीन नदीवर क्रूझ’ ही ओळ बहुतेक वेळा असतेच. आयफेल टॉवरजवळच्या धक्क्यावरून बोट सुटते, लुव्र आणि नोत्र दामवरून पुढे जाते, बेटाला वळसा घालते आणि तासाभरात निघाली तिथेच येऊन लागते. या तासात सगळ्यांच्या माना वर असतात. मी सांगेन, थोडा वेळ पाण्याच्या पातळीवर बघा. धक्क्याच्या दगडी भिंतींत जागोजागी लोखंडी कड्या बसवलेल्या आहेत. मधूनच फरसबंद उतार थेट पाण्यापर्यंत येतात. या कड्यांना मालाच्या होड्या बांधत आणि त्या उतारांवरून घोडागाड्या माल भरायला खाली येत. आज आपण जिथून फोटो काढत जातो, तो पाण्याचा पट्टा शेकडो वर्षं या शहराचा हमरस्ता होता. धान्य, दारू, सरपण, चिरे, सगळं याच वाटेने यायचं. फेरीबोटीची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात या मालापासूनच करावी लागते.

सुरुवात फार जुनी आहे. १७११ मध्ये नोत्र दामच्या आत जमिनीखाली खोदताना काही कोरीव दगड हाती लागले. रोमन सम्राट टायबेरियसच्या काळातला, म्हणजे इ.स. १४ ते ३७ मधला, ज्युपिटरला वाहिलेला तो एक स्तंभ होता. तो उभारणाऱ्यांनी आपली ओळख दगडावर लॅटिनमध्ये कोरून ठेवली आहे: पारिसी जमातीचे नावाडी. त्यांनी ज्युपिटर आणि व्हल्कन या रोमन देवांच्या शेजारी आपले देवही बसवले. डोक्यावर शिंगं असलेला केर्नुनोस आहे, झाड तोडणारा एसुस आहे आणि अंगावर तीन क्रौंच पक्षी बसलेला एक बैल आहे. राज्य रोमनांचं, पण पैसा नावाड्यांचा, त्यामुळे देव दोघांचेही. हे दगड आज क्लुनी संग्रहालयात आहेत. ज्या जमातीवरून पॅरिसला नाव मिळालं, तिच्या माणसांनी शहराच्या मध्यभागी स्वतःच्या खर्चाने उभारलेली ही गोष्ट, आणि ती उभारणारे नदीवर पोट असलेले लोक. पॅरिसला एकच दिवस असेल तरी हा स्तंभ चुकवू नये, असं माझं अगदी मनापासून म्हणणं आहे.

पुढे बाराव्या शतकात ‘पाण्यावरच्या व्यापाऱ्यां’चा संघ बळावला. ११७०च्या सुमारास राजा सातवा लुई याने त्यांच्या मक्तेदारीवर शिक्का मारला. बाहेरच्या व्यापाऱ्याला सीनवरून पॅरिसमध्ये माल आणायचा, तर संघातला पॅरिसकर भागीदार म्हणून सोबत घ्यावाच लागे. संघाच्या मुद्रेवर होडी कोरलेली होती आणि तीच पुढे शहराची मुद्रा झाली. व्यापाऱ्यांचा मुखिया हाच नगराचा प्रमुख, ही व्यवस्था थेट १७८९च्या क्रांतीपर्यंत चालली. शेवटचा मुखिया फ्लेसेल बास्तीयचा (बॅस्टिलचा) तुरुंग पडला त्याच दिवशी, १४ जुलैला, जमावाच्या हातून मारला गेला. आजही पॅरिसच्या बोधचिन्हात लाटांवर डुलणारं जहाज आहे आणि त्याखाली लॅटिन ब्रीद आहे: ‘हेलकावे खाते, पण बुडत नाही’. जुन्या काळापासून चालत आलेलं हे वाक्य १८५३ मध्ये, पॅरिसची नव्याने आखणी करणारा प्रशासक ओसमान याच्या कारकिर्दीत, अधिकृत झालं. नोव्हेंबर २०१५च्या दहशतवादी हल्ल्यांनंतर पॅरिसकरांनी तेच वाक्य भिंतींवर रंगवलं.

बोट नगरपालिकेच्या भव्य इमारतीसमोरून जाते, ती जागाही अशीच मालाची. पूर्वी तिथे नदीकडे उतरणारा वाळूचा किनारा होता, त्याचं नाव ग्रेव्ह. गलबतं तिथे लागत आणि हातावर पोट असलेली माणसं हमालीच्या आशेने सकाळपासून तिथे उभी राहत. फ्रेंचमध्ये संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात, तो शब्द या किनाऱ्यावरच्या बिनकामाच्या माणसांकडून आला.

सरपणाचा प्रवास तर खासच होता. पॅरिसच्या चुली पेटत्या ठेवायला जवळची जंगलं पुरेनात, म्हणून सोळाव्या शतकापासून पॅरिसच्या आग्नेयेकडच्या मोर्व्हांच्या डोंगरातली लाकडं पाण्यातून यायला लागली. ओंडक्याच्या टोकावर मालकाच्या खुणेचा हातोडा मारायचा, ओंडका ओढ्यात सोडून द्यायचा, खाली सीनला मिळणाऱ्या योन नदीवर खुणा बघून ज्याचं त्याला वेगळं करायचं, मग लांबच लांब तराफे बांधून ते प्रवाहाबरोबर पॅरिसला न्यायचे. एकोणिसाव्या शतकात दगडी कोळसा येईपर्यंत शहर या लाकडांवर शिजवत आणि शेकत राहिलं.

आता पूल. बोटीतून दिसणारा पाँ नफ, म्हणजे शब्दशः ‘नवा पूल’, हा आज पॅरिसमधला सगळ्यात जुना उभा पूल आहे. १५७८ मध्ये पायाभरणी झाली, मध्ये यादवी युद्धं आली आणि काम १६०७ मध्ये राजा चौथा आंरी याच्या काळात पुरं झालं. त्याआधीच्या मोठ्या पुलांवर दुतर्फा घरं आणि दुकानं होती. पुलावरून जाणाऱ्याला नदी दिसतच नसे. या पुलावर घरं बांधू दिली नाहीत आणि कडेने पादचाऱ्यांसाठी उंच पट्टी ठेवली. पॅरिसमध्ये कठड्याला टेकून नदी बघत उभं राहण्याची सोय इथे पहिल्यांदा झाली. बाकीच्या पुलांवरची घरं काढायचा हुकूम निघायला १७८६ साल उजाडलं. आज बोटीतून एका कमानीतून पुढची कमान, तिच्यातून तिसरी अशी जी रांग दिसते, ती त्या पाडापाडीमुळे.

पाँ नफच्या टोकाशी, ज्यावर नोत्र दाम आहे त्या बेटाची चोच पाण्यात शिरलेली आहे, तिथे एक छोटी बाग आहे. पुलावरून बागेत जायला बऱ्याच पायऱ्या उतराव्या लागतात, कारण बाग आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे सात मीटर खाली आहे. बेटाची मूळ पातळी साधारण तीच. उरलेलं शहर दोन हजार वर्षांच्या भरावावर वर चढत गेलं आणि हा तुकडा खाली राहिला. तिथल्या धक्क्यावरूनही फेरीबोटी सुटतात.

पण सगळ्यात मोठा बदल दिसत नाही, कारण तो पाण्याखाली आहे. पूर्वीची सीन लहरी होती. पावसाळी हिवाळ्यात फुगायची आणि उन्हाळ्यात इतकी रोडावायची की भरलेल्या होड्या वाळूत रुतून बसायच्या. आज वर्षातले बहुतेक दिवस, दर अर्ध्या तासाला वगैरे, शेकडो माणसं भरून बोटी सुटू शकतात, ते बंधाऱ्यांमुळे. शार्ल पोआरे या इंजिनिअरने १८३४ मध्ये योन नदीवर नव्या तऱ्हेचा बंधारा बांधला. नदीच्या तळाशी बिजागरीवर लोखंडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांना टेकवून लाकडी दांडे शेजारी शेजारी उभे लावले. पाणी अडवायचं तेव्हा दांडे लावायचे. पूर आला की माणसांनी एकेक दांडा हाताने उपसायचा आणि चौकटी तळावर आडव्या पाडायच्या. म्हणजे बंधारा हवा तेव्हा आहे, नको तेव्हा नाही. आपल्याकडे कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढतात, हे ज्याने पाहिलंय त्याला यातली युक्ती लगेच कळेल. पुढे ही पद्धत सीनवर आली, तिच्यात सुधारणा होत गेल्या आणि १८८०च्या दशकात पॅरिसपासून खाली रूआँ शहरापर्यंत ३.२० मीटर खोलीचा जलमार्ग तयार झाला. शहरातली पाण्याची पातळी आजही पॅरिसच्या खालच्या अंगाला असलेल्या सुरेनच्या बंधाऱ्यावर राखली जाते. पॅरिसमधून वाहणारी नदी शांत वाटते, कारण तिला तशी धरून ठेवली आहे.

आणि आता बोट. पॅरिसच्या फेरीबोटीला जगभर ‘बातो मूश’ म्हणतात. फ्रेंचमध्ये मूश म्हणजे माशी, त्यामुळे ‘माशीसारखी भिरभिरणारी बोट’ असा अर्थ पुष्कळ जण लावतात. खरं कारण साधं आहे. लिऑन शहराच्या दक्षिणेला मूश नावाचा भाग होता, तिथल्या कारखान्यात या वाफेच्या बोटी बनत. १८६७ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरलं, नदीकाठच्याच शां द मार्स मैदानावर. लोकांची ने-आण करायला बोटींचा ताफा हवा होता आणि काम लिऑनच्या मंडळींना मिळालं. बोटी सोन नदी, मग बुर्गोन्यचा कालवा, मग योन अशा पाण्यापाण्याने पॅरिसला आल्या. प्रदर्शन संपलं, बोटी राहिल्या. तेव्हा ही सहल नव्हती, कामावर जायची गाडी होती: ठरलेले थांबे, ठरलेलं तिकीट, घाईत चढणारे उतारू. १९००च्या प्रदर्शनातही त्यांनी भरपूर गर्दी वाहिली. पण त्याच वर्षी, १९ जुलै १९०० रोजी, पॅरिसची पहिली मेट्रो सुरू झाली. वळणं घेत जाणाऱ्या नदीपेक्षा जमिनीखालची वाट जवळची होती. ट्राम आणि बसनेही उतारू ओढले आणि १९३४ मध्ये ही सेवा बंद पडली.

पुन्हा सुरुवात झाली १९४९ मध्ये. झाँ ब्रुएल नावाच्या माणसाने जुन्या ताफ्यातली एक उरलेली बोट घेऊन कंपनी काढली, या वेळी फक्त शहर बघायला निघालेल्या लोकांसाठी. युद्धातून बाहेर पडलेल्या शहरात अशा फेरीला कोण येणार, हा प्रश्न होताच. ब्रुएलला गोष्ट सांगायची कला अवगत होती. पत्रकार रोबेर एस्कार्पी याच्या साथीने त्याने झाँ-सेबास्तियाँ मूश हे पात्र रचलं. हा म्हणे ओसमानचा सहकारी आणि या बोटींचा जनक. त्याचं चरित्र छापलं, अर्धपुतळा घडवला आणि १ एप्रिल १९५३ रोजी बड्या सरकारी पाहुण्यांसमोर त्याचा सोहळाही केला. तारीख बघून तरी कुणाला शंका यायला हवी होती! नंतर खरं बाहेर आलं, पण तोवर नाव सर्वतोमुखी झालं होतं. ब्रुएलने काचेच्या मोठ्या बोटी आणल्या आणि रात्री बोटीवरून काठावर झोत टाकले. इमारतींवरून सरकणारा तो उजेड पॅरिसच्या रात्रीचं चित्रच होऊन बसला. पाठोपाठ इतर कंपन्या आल्या: १९५६ मध्ये बातो पारिझियाँ, १९५९ मध्ये पाँ नफच्या धक्क्यावरच्या बोटी. १९८९ पासून थांब्याथांब्यावर चढता-उतरता येणारा बातोबसही धावतो.

याच काळात काठावर उलटं चाललं होतं. धक्क्यांवरचा माल रेल्वे आणि ट्रककडे गेला, मोकळ्या जागेवर मोटारी आल्या. १९६७ मध्ये उजव्या काठाने पाण्याच्या अगदी लगत द्रुतगती मार्ग सुरू झाला, त्याला पुढे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज पाँपिदूचं नाव मिळालं. म्हणजे बोटीतला माणूस लुव्र बघतोय आणि मध्ये गाड्यांची रांग. १९९१ मध्ये युनेस्कोने सीनचा हा पट्टा जागतिक वारशाच्या यादीत घेतला, तेव्हाही तो रस्ता गजबजलेलाच होता. डाव्या काठाचा भाग २०१३ मध्ये आणि उजव्या काठाचा २०१६ मध्ये मोटारींना बंद झाला. आज तिथे लोक पाय पसरून बसलेले दिसतात आणि बोटीकडे हात हलवतात. नदीवरची मालवाहतूकही पूर्ण संपलेली नाही. वाळू-सिमेंटच्या लांब बार्जेस फेरीबोटींच्या शेजारून जातात, आणि २०१२ पासून फ्रांप्री ही किराणा दुकानांची साखळी आपला काही माल आयफेल टॉवरजवळच्या धक्क्यावर पाण्यातूनच उतरवते.

पूर आला की मात्र फेऱ्या थांबतात. पाणी चढलं की कमानीखाली बोटीला जागा उरत नाही. आल्मा पुलाच्या खांबाशी झुआव्ह, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या एका जुन्या तुकडीच्या, सैनिकाचा दगडी पुतळा आहे. पॅरिसकर पुराचं मोजमाप त्याच्या अंगावर करतात: घोट्यापर्यंत आलं, मांडीपर्यंत आलं. जानेवारी १९१० मध्ये ते खांद्यापर्यंत गेलं होतं आणि ओस्टरलित्झ पुलाच्या मोजपट्टीवर आकडा होता ८.६२ मीटर. त्यानंतर वरच्या खोऱ्यात १९४९ ते १९९० या काळात चार मोठे जलाशय बांधले गेले. तरी जून २०१६ मध्ये पाणी सहा मीटरच्या वर चढलं, बोटी बांधून ठेवाव्या लागल्या आणि लुव्रच्या तळघरांतल्या वस्तू वरच्या मजल्यांवर हलवाव्या लागल्या.

या नदीत पोहायला १९२३ पासून बंदी होती. १९९० मध्ये तेव्हाचे महापौर जाक शिराक यांनी ‘मी स्वतः सीनमध्ये उतरेन’ असं जाहीर केलं, पण ते कधी घडलं नाही. २०२४च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने ओस्टरलित्झ स्टेशनजवळ पन्नास हजार घनमीटर पाणी मावेल अशी भूमिगत टाकी बांधली. जोराच्या पावसात गटारांचं पाणी नदीत जाण्याऐवजी तिथे थांबतं आणि मग शुद्धीकरणाला जातं. २६ जुलैच्या रात्री उद्घाटनाचं संचलन नदीवरून निघालं, खेळाडूंना घेऊन जाणाऱ्या बोटींत रोजच्या फेरीबोटीही होत्या. ५ जुलै २०२५ पासून तीन ठिकाणी सर्वांसाठी पोहणं खुलं झालं. त्यातलं एक ठिकाण शेजारच्या सँ लुई बेटाजवळ, नदीच्या मारी शाखेत, फेरीबोटींच्या वाटेवरच आहे. म्हणून तिथे सकाळी पोहणाऱ्यांची पाळी. तोवर बोटी दूर राहतात, आणि शेवटचा माणूस शिडी धरून काठावर चढला की मग पहिली बोट त्या कमानीखाली शिरते.