टॅप टेस्ट की लंबर ड्रेन? ‘पाठीतून पाणी काढलं’ म्हणजे नेमकं काय केलं

‘पाठीतून पाणी काढून बघितलं, काही फरक पडला नाही’ असं घरचे सांगतात, तेव्हा आधी विचारावं: किती काढलं आणि किती वेळ? नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलसमध्ये पाणी काढून बघायच्या दोन तपासण्या आहेत, आणि दोन्हींच्या ‘नाही’ला सारखं वजन नाही.

या आजारात मेंदूतल्या पोकळ्या मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणाऱ्या पाण्याने (सीएसएफ) फुगतात, पण कंबरेतून मोजलेला दाब बहुधा नॉर्मलच येतो. चाल बिघडते, लघवीवरचा ताबा जातो, विचार मंदावतो. सहसा पहिली बिघडते ती चाल: पाय फाकलेले, पावलं छोटी आणि जमिनीला चिकटल्यासारखी, वळायला चारपाच पावलं. पार्किन्सनशी गल्लत होते ती इथेच. मात्र इथे चालताना हात बरेचसे हलत राहतात. शंट (मेंदूतलं जादा पाणी कायमचं दुसरीकडे, बहुधा पोटात, वळवणारी नळी) बसवल्यावर सुधारण्याची जास्त आशाही चालीचीच, म्हणून दोन्ही तपासण्यांत मोजतात तीच.

टॅप टेस्ट म्हणजे लंबर पंक्चर. सुईने एकदाच 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढतात आणि पुढच्या काही तासांत पेशंटला पुन्हा चालवून बघतात. आता हिशोब बघा. हे पाणी मोठ्या माणसात एका वेळी सुमारे 150 मिलिलिटर असतं, आणि दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे काढलेलं दोनतीन तासांत भरून येऊ शकतं. एवढ्यात चाल सुधारली तर तो चांगला पुरावा. नाही सुधारली तर फारसं काही सिद्ध होत नाही. टॅप टेस्टला दाद न दिलेले काही पेशंट शंटनंतर नीट चालू लागतात.

लंबर ड्रेनमध्ये कंबरेत बारीक नळी ठेवून ताशी साधारण 10 मिलिलिटर पाणी दोनतीन दिवस काढत राहतात. शंटनंतर काय होईल त्याची ही जवळची रंगीत तालीम, त्यामुळे टॅपमधून सुटलेले पेशंट इथे सापडतात. किंमतही मोजावी लागते: ॲडमिट व्हावं लागतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. नळी उघडी असताना पेशंट अचानक उठून बसला तर पाणी भसकन जातं. डोकं दुखतं, क्वचित मेंदूभोवती रक्त साचतं. ड्रेनलाही दाद मिळाली नाही, तर तो ‘नाही’ बराच वजनदार, तरी शेवटचा शब्द नव्हे.

मोजमाप ढिलं असेल तर दोन्ही वाया. ‘बरं वाटतंय’वर माझा तरी विश्वास नाही, आशेनेही माणूस चार पावलं झपझप टाकतो. 10 मीटरला लागलेले सेकंद, पावलांची संख्या, खुर्चीतून उठून 3 मीटर जाऊन परत बसण्याचा वेळ हे सगळं आधी आणि नंतर मोजलेलं हवं. चपला त्याच, काठी असेल तर तीच. दोन्ही वेळचा व्हिडिओ काढला तर उत्तम. स्मरणशक्ती आणि लघवीत इतक्या लवकर फरक दिसला नाही, तरी तपासणी फसली असं धरू नये.