61 च्या पोटातली दहा आकडी संख्या

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याही क्लासमध्ये हे गणित फळ्यावर टाकून बघा: कोणत्या संख्येच्या वर्गाला 61 ने गुणून 1 मिळवला, की पुन्हा पूर्ण वर्ग मिळतो? शेजारच्या संख्यांचं काम चुटकीसरशी होतं. 60 ला 4 पुरतो, कारण 60 गुणिले 16 अधिक 1 म्हणजे 961, म्हणजेच 31 चा वर्ग. 62 ला 8 पुरतो आणि 63 चा वर्ग मिळतो. 61 ला मात्र कमीत कमी 22,61,53,980 लागतात, आणि वर्ग मिळतो तो 1,76,63,19,049 चा. एक अब्ज शहात्तर कोटींच्या घरातला! नाद खुळा म्हणावं असंच हे उत्तर.

ते भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात आहे, 1150 सालचं. त्या वेळी कोल्हापुरावर शिलाहार राजा विजयादित्याचं राज्य होतं. उदाहरण घालताना भास्कराचार्य वाचकाला ‘सखे’ (संस्कृतात ‘मित्रा’) म्हणून हाक मारतात. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना देत नाहीत. हे उत्तर काढायच्या पद्धतीचं नाव चक्रवाल. तिचा पाया ब्रह्मगुप्तांनी 628 साली घातला होता आणि भास्कराचार्यांच्या आधी जयदेवांनीही ती मांडली होती.

सुरुवात साधीच. 8 चा वर्ग 64, म्हणजे 61 पेक्षा 3 ने जास्त. चक्राचा एक फेरा झाला की 39 आणि 5 हाती येतात: 39 चा वर्ग 1521, 61 गुणिले 25 म्हणजे 1525, फरक फक्त 4 चा. इथे ब्रह्मगुप्तांची ‘भावना’, म्हणजे हाती असलेल्या जोड्यांचा गुणाकार करून नवी जोडी काढायची रीत, कामाला येते. तिने थेट 29718 आणि 3805 पर्यंत उडी मारता येते, आणि आता फरक उरतो 1 चा, पण नको त्या बाजूने: वर्ग 1 ने कमी पडतो. 29718 च्या वर्गाची दुप्पट करून 1 मिळवला की ती दहा आकडी संख्या तयार. तिला 22,61,53,980 ने भागलं तर 61 चं वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बरोबर येतं. कागद-पेन्सिलीच्या चार ओळींत!

1657 साली फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं दुसरा फ्रेंच गणितज्ञ फ्रेनिकलला हेच 61 चं कोडं घातलं, वर ‘फार त्रास नको’ म्हणून निवडल्याचा आव आणला. फर्मानं ते भास्कराचार्यांकडून उचललं, असं कुणी सांगितलं तर मात्र मान डोलावू नका. त्याला तसा आधार नाही. इंग्लंडमध्ये ब्राउंकर या गणितज्ञानं स्वतंत्र रीत शोधली. पुढे गणितज्ञ ऑयलरनं गफलतीनं श्रेय इंग्रज गणितज्ञ जॉन पेलला दिलं, आणि ज्याचा या कामाशी फारसा संबंध नाही त्याचंच नाव समीकरणाला चिकटलं. उत्तर नेहमी मिळतंच, हे गणितज्ञ लाग्रांजनं 1760 च्या दशकात सिद्ध केलं. कोलब्रुक या इंग्रज संस्कृत अभ्यासकानं भास्कराचार्यांच्या मूळ संस्कृत ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं ते 1817 साली, म्हणजे त्यानंतर अर्धं शतक उलटत आल्यावर.