स्टीफनच्या पंचकातली परकी दीर्घिका

इंदूरहून छायाचित्रण करणाऱ्या हौशी निरीक्षकाला महाश्व तारकासमूहातील ‘स्टीफनचे पंचक’ हा दीर्घिकांचा दाट गट फार सोयीचा आहे, कारण तो येथे ७९ अंशांपर्यंत चढतो आणि कोजागिरीनंतरच्या वद्य पक्षात रात्री आठ ते दहाच्या दरम्यान जवळजवळ डोक्यावर असतो. लक्ष्मीपूजनाची अमावास्या फटाक्यांच्या धुरात जाते. त्याआधीच्या चार-पाच रात्री शहराच्या उजेडापासून दूर, महूच्या पलीकडे जानापावच्या बाजूला जाऊन साधलेल्या बऱ्या.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ एदुआर स्टीफन यांनी १८७७ मध्ये मार्सेय वेधशाळेतून, फूको यांनी घडवलेल्या ८० सेंटिमीटर व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीने हा गट शोधला. पुढे दीर्घकाळ पाचही दीर्घिका एकाच कुटुंबातल्या मानल्या गेल्या. १९६१ मध्ये मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज या खगोलशास्त्रज्ञ दांपत्याने पाचांपैकी एनजीसी ७३२० या दीर्घिकेचा वर्णपट तपासला, तेव्हा ती सेकंदाला सुमारे ८०० किलोमीटर वेगाने दूर जात असल्याचे दिसले. उरलेल्या चौघींचे वेग मात्र ५,७०० ते ६,७०० च्या घरात होते. दीर्घिका जितकी लांब तितकी ती वेगाने दूर जाते, म्हणजे ती सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर आणि बाकीच्या २९ कोटींच्या आसपास. खगोलशास्त्रज्ञ हॉल्टन आर्प यांना हा निष्कर्ष मान्य नव्हता आणि त्यांनी उपस्थित केलेला वाद बरीच वर्षे चालला. पॉल हिक्सन यांनी १९८२ मध्ये अशा १०० दाट गटांची यादी केली, तीत हे पंचक ९२ व्या क्रमांकावर आहे. पुढे वेग मोजले गेले, तेव्हा शंभरांपैकी ९२ गटांत निदान तीन सदस्य खरोखर एकत्र असल्याचे आढळले.

या वादाचा पुरावा हौशी कॅमेऱ्यातही उतरतो, आणि माझ्या मते या गटाचे खरे आकर्षण तेच आहे. हायड्रोजनचा तांबडा प्रकाश ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, आणि दीर्घिका जितक्या वेगाने दूर जाते तितकी ही तरंगलांबी वाढते. एनजीसी ७३२० मध्ये तो दोन नॅनोमीटरहूनही कमी सरकतो, त्यामुळे फक्त याच तांबड्या प्रकाशाभोवतीचा ७ नॅनोमीटरचा पट्टा आत सोडणाऱ्या हायड्रोजन-अल्फा फिल्टरमधून तिच्यातील ताऱ्यांच्या जन्मस्थळांचे ठिपके येतात. इतर चौघींचा तोच प्रकाश ६६९ ते ६७१ च्या आसपास गेल्याने फिल्टर तो अडवतो. सगळा गट चंद्रबिंबाच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा असल्यामुळे लांब नाभीय अंतराची दुर्बीण आणि अनेक तासांची एक्सपोजर एकत्र करण्याची चिकाटी हवी. मग साध्या तांबड्या फिल्टरच्या चित्राशेजारी हे चित्र ठेवले की परकी दीर्घिका ओळखता येते.