मानसशास्त्रात पीएचडी केली की क्लिनिक टाकता येतं का? थोडं मागचं सांगते

सांगलीत मानसशास्त्र शिकवते, त्यामुळं दर जूनला कुणी ना कुणी पालक विचारतातच, मॅडम, पोरीनं पीएचडी केली की क्लिनिक टाकता येईल ना? नुसत्या पीएचडीवर नाही येत, आणि का ते कळायला मागं जावं लागतं.

1879 ला जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटनं जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, त्याच्याकडं पीएचडी करून पोरं देशोदेशी गेली आणि त्यांनी तिकडं प्रयोगशाळा काढल्या, म्हणजे ही पदवी मुळात संशोधकाची. आपल्याकडं 1916 ला कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग निघाला, तो हार्वर्डला शिकून आलेल्या एन. एन. सेनगुप्तांनी उभा केला, आणि 1921 ला गिरींद्रशेखर बोसांना तिथलीच डीएससी, म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट, मिळाली. बोस पेशाने डॉक्टर, पेशंट बघत बघत दडपलेल्या इच्छांवर प्रबंध लिहिला, मला हा माणूस फार मोठा वाटतो.

उपचाराची वाट मात्र पुढं वेगळी फुटली. 1955 ला बंगळूरला, आता जिथं निमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे तिथं, क्लिनिकलचं, म्हणजे पेशंटवर उपचार करायचं, ट्रेनिंग सुरू झालं आणि 1992 च्या कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागायला लागली. साधी पीएचडी त्यात बसत नाही.

आपली सातारा-सांगलीची कॉलेजं आधी पुणे विद्यापीठाला होती, 1962 ला शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हापासून सगळ्या खेपा कोल्हापूरला. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2022 च्या नियमात प्रोफेसरकडं एका वेळी पीएचडीचे 8, असोसिएटकडं 6 आणि असिस्टंटकडं 4 च विद्यार्थी, म्हणून नेट ही पात्रता परीक्षा निघाली तरी गाईडकडं जागा कधी होते याची वाट बघत बसावं लागतं. पीएचडीच्या आधीची एमफिलही त्याच नियमांनी बंद झाली.

आणि खरं काम तर गाईड मिळाल्यावरच सुरू होतं. माझ्या पीएचडीची प्रश्नावली इंग्रजीवरनं मराठीत आणलेली होती, त्यात 'तुम्हाला निराश वाटते का' असं होतं. जत तालुक्यातल्या एक मावशी ज्वारी पाखडता पाखडता म्हणाल्या, "निराश न्हाई बाई, पर कशात जीवच लागत न्हाई." माझ्या कागदावर 'नाही' ची खूण झाली होती, ती तशीच ठेवली असती तर मावशी माझ्या आकड्यांत ठणठणीत निघाल्या असत्या. मी प्रश्नच 'कशात जीव लागत नाही असं होतं का' असा केला आणि पहिल्या गावापासनं परत सुरुवात केली.