दाढ दुखायची थांबली, तरी हे वाचा
(रूट कॅनाल करून घेणाऱ्यांसाठी आमच्या दवाखान्याचं माहितीपत्रक)

आमच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला धड प्रश्न विचारता येत नाहीत. तोंड उघडं, गालात कापूस, डोळ्यांवर दिवा. प्रश्न आठवतात ते घरी गेल्यावर, आणि मग उत्तरं देतात शेजारचे. म्हणून हा कागद. रूट कॅनाल म्हणजे दाताच्या आतली खराब झालेली नस काढून, मुळातल्या नळ्या साफ करून त्या भरून टाकणं. घरी न्या, घरच्यांनाही वाचायला द्या.

ठणका येतो कुठून

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून पोकळ असतो. त्या पोकळीत जे मऊ असतं त्याला आपण ‘नस’ म्हणतो. प्रत्यक्षात तिथे बारीक रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशी असतात आणि त्या मुळाच्या टोकाच्या छिद्रातून आत आलेल्या असतात. कीड वरचं कवच पोखरत खाली गेली, किंवा मार लागून दात तडकला, की जंतू आत शिरतात आणि नस सुजते. बोट सुजलं तर त्याला फुगायला जागा असते. दातातल्या नसेला चारी बाजूंनी भिंती. सूज आतल्या आत दाबत राहते, तोच ठणका. रात्री आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसभर गप्प असलेली दाढ बरोबर अकरा वाजता जागी होते.

गार पाणी लागलं, झिणझिणलं आणि घोट गिळेपर्यंत थांबलं, तर बऱ्याचदा नुसतं सिमेंट भरून भागतं. पण चहाचा घोट घेतला आणि कळ कप संपला तरी रेंगाळली, किंवा झोपेतून उठवायला लागली, तर नस सहसा परत सुधारत नाही. काही पेशंट गार पाण्याची बाटली हातात धरूनच येतात. दर दोन मिनिटांनी चूळ धरतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. बाटली पाहिली की आम्हाला तपासण्याआधीच अंदाज येतो.

मग एके दिवशी दुखणं बंद होतं

‘लवंगेचं तेल लावलं, गेलं बघा.’ ‘मिश्री लावली आणि शांत झालं.’ हे आम्ही रोज ऐकतो. लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बधिरपणा येतो हे खरं. पण आठ दिवस ठणकलेली दाढ एकदम गप्प झाली, तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. मेलेल्या नसेला कळ येत नाही. जंतूंचं काम मात्र चालूच राहतं. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. काही महिन्यांनी हिरडीवर तांदळाएवढी पुटकुळी येते, फुटते, खारट लागतं, भरते, पुन्हा येते. पुढचा दात असेल तर तो करडा पडत जातो. आणि कधी तरी, बहुधा घरात कार्य असताना, सकाळी उठल्यावर गाल सुजलेला असतो.

अशा वेळी मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणायची पद्धत आहे. गोळीतलं औषध रक्तातून पोचतं, आणि मेलेल्या नसेत रक्तच जात नाही. त्यामुळे आजूबाजूची सूज उतरते, जंतूंचं घर मात्र तसंच राहतं. डोकेदुखीची गोळी हिरडीजवळ दाबून ठेवू नका. तिनं कातडी भाजते, पांढरा चट्टा पडतो आणि दाढ दुखायची ती दुखतेच. सुजलेल्या गालाला बाहेरून गरम शेकही नको.

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरत असेल, तोंड उघडत नसेल, थुंकी गिळायला त्रास होत असेल, श्वास अडत असेल, तर आमच्या वेळेची वाट पाहू नका. सरळ मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.

खुर्चीत नेमकं काय होतं

आधी एक्स-रे. मग हिरडीत इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतो. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: खालची दाढ खूप ठणकत असताना आलात तर एका इंजेक्शनात ती पूर्ण बधिर होईलच असं नाही. वेळ लागतो, कधी दुसरं इंजेक्शन लागतं. दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो. सोसून बसण्याचं बक्षीस नाही.

त्यानंतर त्या दातावर पातळ रबराची चादर चढवतो, म्हणजे रबर डॅम. बऱ्याच जणांना ती गुदमरवणारी वाटते, पण नाकानं श्वास चालू असतो आणि पाच मिनिटांत सवय होते. तिच्यामुळे थुंकीतले जंतू दातात जात नाहीत, आणि आमची सुईसारखी बारीक अवजारं व औषधं तुमच्या घशात जात नाहीत. ही युक्ती १८६४ सालापासूनची आहे, त्यामुळे आम्ही नवा प्रयोग करतोय असं समजू नका.

दाढेच्या डोक्यावर एक छिद्र पाडून आतल्या खोलीत पोचलो की नळ्या शोधायच्या. इथेच खरा वेळ जातो. वरच्या पुढच्या दाताला सहसा एकच नळी असते. खालच्या मोठ्या दाढेत तीन किंवा चार. वरच्या पहिल्या दाढेतली चौथी नळी इतकी बारीक की कितीदा ती शोधण्यातच अर्धा तास मोडतो. ती राहून गेली तर सगळं केलेलं वाया जाऊ शकतं. नळी सापडली की तिच्यात फाइल घालतो. ही केसाएवढ्या टोकाची, पीळ असलेली धातूची सळई, तिच्यावर छोटी रबरी चकती. ओठाला एक आकडा अडकवलेला असतो आणि फाइलला यंत्राची तार. फाइल मुळाच्या टोकाशी पोचत आली की यंत्राची टिकटिक जलद होते. ती चकती दाताच्या कडेला टेकवायची, फाइल बाहेर काढून पट्टीवर धरायची आणि केसपेपरवर आकडा लिहायचा: २१ मिलिमीटर, २०.५, जे असेल ते. पुढचं सगळं काम त्या आकड्यावर चालतं. अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे झाला तर फरक पडतो.

मग फाइल बदलत बदलत नळी साफ आणि रुंद करायची, आणि मधे मधे सोडियम हायपोक्लोराइटनं धुवायची. पोहण्याच्या तलावासारखा वास येतो तो याचाच. फाइल भिंत खरवडते, पण कोपऱ्याकपाऱ्यातला मेलेला भाग हे पाणीच विरघळवतं. घाई केली तर याच पायरीत होते, आणि आम्ही इथेच हळू असतो. बाहेर बसलेल्यांनी कृपया घड्याळ दाखवू नये.

नळी कोरडी झाली की ती गटापर्चानं भरतो. हा गुलाबी रबरासारखा पदार्थ मलाया बाजूच्या झाडाच्या चिकापासून होतो. १८७० साली मुंबईहून एडनकडे समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल टाकली, तिच्यातल्या तांब्यावरचं वेष्टण गटापर्चाचंच होतं. पाणी आत शिरू द्यायचं नाही, हे काम तेव्हाही तेच होतं.

नस जिवंत असेल, पू नसेल तर हे सगळं एका बैठकीत होऊ शकतं. पू असेल, नळ्या वाकड्या असतील, तर मधे औषध भरून आठवड्याभरानं पुन्हा बोलावतो. जास्त बैठका म्हणजे जास्त बिल असं नसतं. आम्ही दाताप्रमाणे पैसे घेतो, फेऱ्यांप्रमाणे नाही. पहिल्या दिवशीच कागदावर आकडा लिहून देतो, त्यात कॅप (दातावर शेवटी बसवायचं टोपण) धरलेली आहे की नाही हेही लिहिलेलं असतं. विचारायला संकोच करू नका. दाढेला पुढच्या दातापेक्षा जास्त पैसे पडतात ते नळ्यांमुळे.

दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा

नस मेल्यावर दुखणं थांबतं, ती पहिली फसगत. दुसरी इथे: पहिल्या बैठकीनंतर दुखणं थांबतं. आणि पेशंटही. दातावर आम्ही जे भरून पाठवलेलं असतं ते तात्पुरतं असतं, काही आठवड्यांपुरतं. ते झिजलं की थुंकी आत, जंतू आत, आणि आम्ही दोन तास घालून केलेलं काम पुन्हा पहिल्यापासून. तारीख चुकणार असेल तर फोन करून बदलून घ्या, पण या.

तिसरी फसगत कॅपची. रूट कॅनाल झालेली दाढ दुखत नाही, पण आतून पोखरलेली असते. चावण्याचा जोर तिच्या उरलेल्या भिंतींना फाकवत राहतो. दाढ चारी बाजूंनी बांधून धरायला कॅप लागते. आमच्याकडे येणारे एक काका होते, खालची दाढ छान झाली होती. कॅपचं म्हटलं तर ‘मुलीचं लग्न उरकू दे.’ लग्न उरकलं, बारसंही झालं. मग एके सकाळी दाढेचा अर्धा तुकडा रुमालात बांधून आले. आदल्या रात्री भाकरीबरोबरच्या मटणातलं हाड लागलं होतं. चीर मुळापर्यंत गेली होती. दाढ काढावी लागली. आम्हाला त्या दिवशी काकांपेक्षा जास्त वाईट वाटलं असावं. त्यांना ‘लग्नानंतर या’ म्हणायला आम्हीच मान डोलावली होती. आता डोलावत नाही. दाढेची कॅप साधारण महिन्याच्या आत बसवून घ्या.

कॅप बसेपर्यंत त्या बाजूनं सुपारी, ऊस, चिक्की, भाजलेले फुटाणे, कडक तिळाचा लाडू नको. संक्रांतीनंतरचा आठवडा आमच्याकडे तुटलेल्या दातांचा असतो, हे गमतीनं सांगत नाही.

‘काढूनच टाका ना’

कधी कधी आम्हीही हेच सांगतो. मूळ उभं चिरलेलं असेल, हिरडीच्या वर दात उरलाच नसेल, हाड झिजून दात हलत असेल, तर रूट कॅनाल करून पैसे घेणं बरोबर नाही. अक्कलदाढही बहुधा काढावीच. पण बाकी दाढा वाचवण्यासारख्या असतात. एक काढली की शेजारच्या तिकडे कलतात, समोरची रिकाम्या जागेत उतरते. मग ब्रिजसाठी (शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात) दोन चांगले दात तासायचे किंवा हाडात इम्प्लांट (कृत्रिम मूळ) बसवायचं.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी एक गोष्ट. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती पडणारी नाही, कायमची आहे. ती किडली तर ‘दुधाची आहे, पडेल’ म्हणून सोडू नका. आमच्याकडे मोठ्या माणसांच्या ज्या दाढा रूट कॅनालला येतात, त्यात ही पुष्कळदा असते.

दात काढल्यानं किंवा नस काढल्यानं डोळ्यांवर परिणाम होत नाही. वरच्या दाताच्या नसेचा आणि दृष्टीच्या नसेचा रस्ता वेगळा आहे. रूट कॅनालनं कॅन्सर होतो हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेजही कुणी पाठवला तर पुढे ढकलू नका.

झाल्यावर

दोन-चार दिवस चावताना दुखेल, ते चालतं. दिलेली गोळी घ्या. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, सूज आली, किंवा वरचं भरलेलं पडलं तर लगेच कळवा. नीट केलेली रूट कॅनाल वर्षानुवर्षं टिकते, पण शंभर टक्के कुणीच सांगू शकत नाही. काही दातांना पुन्हा उघडावं लागतं. हाड भरून येतंय का हे पाहायला सहा महिन्यांनी आणि वर्षानं एक्स-रे काढतो. आणि कॅप घातलेला दातही कडेनं किडतो, ब्रश चालूच ठेवा.

येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा, नावं पाठ असली तरी. साखर, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी, हृदयाची झडप बदललेली, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेलं इंजेक्शन, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आत शिरल्या शिरल्या सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करून येऊ नका. रूट कॅनालसाठी सहसा ती थांबवावी लागत नाही. जुना एक्स-रे असेल तर तोही आणा. आणि उपाशी येऊ नका. पोटभर जेवून या, कारण नंतर दोन-तीन तास ओठ बधिर राहतो, आणि त्यात जेवायला बसलं की माणूस स्वतःचाच गाल चावतो.